नाकातले पाणी आणि मणक्यातले पाणी

खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी सविस्तर प्रश्न पाठवला आहे. दर मे महिन्यात ते गावातल्या एका मोठ्या विहिरीत मुलांना पोहायला शिकवतात. केरळमधल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्या वाचून यंदा निम्म्या पालकांनी मुलांना पाठवायला नकार दिला आहे, ग्रामपंचायतीत कोणी ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक लावा म्हणते आहे, आणि शिक्षकांच्या स्वतःच्या आई गेली दहा वर्षे रोज सकाळी जलनेती करतात, म्हणजे एका नाकपुडीतून कोमट पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढतात. हा आजार आपल्याकडे होऊ शकतो का, विहीर बंद करावी का, नेती सोडावी का, आणि असा रुग्ण आलाच तर आपल्या भागात तो वेळेत ओळखला जाईल का, असे त्यांचे चार मुख्य प्रश्न आहेत. मी मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे काम करते आहे आणि मेंदूज्वराच्या रुग्णांच्या मणक्यातले पाणी तपासणे हा त्या कामाचा रोजचा भाग आहे. त्यामुळे चौथ्या प्रश्नावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण पहिल्या तिन्हींची काळजी घेऊनही एखादे मूल आजारी पडलेच, तर पुढचे सगळे त्या चौथ्या उत्तरावर अवलंबून राहते.

आधी गैरसमज दूर करते. आपल्याकडे अमिबा म्हटले की लोकांना आव पडणे आठवते. तो आतड्यातला अमिबा वेगळा, तो माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडावाटे पोटात जातो. आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते अमिबा मुक्तपणे जगणारे आहेत. त्यांना जगण्यासाठी माणसाची गरजच नसते. गोड्या पाण्यात, गाळात, ओल्या मातीत ते जिवाणू खाऊन राहतात आणि आपण रोज कळत-नकळत त्यांच्या सहवासात असतो. त्यांच्यापैकी मोजकेच माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतात. नेग्लेरिया फाउलेरी हा अत्यंत वेगाने मारतो. अकँथामिबा आणि बालामुथिया हे दोघे सावकाश, आठवडे-महिने घेत आजार वाढवतात. बातम्यांमध्ये या सगळ्यांना एकच नाव मिळते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ‘मेंदू खाणारा’ हे नावही अर्धेच खरे आहे. नेग्लेरिया पेशी गिळतो हे खरे, पण त्याला प्रतिकार करण्यासाठी शरीर जी प्रचंड सूज आणते, तीच मेंदूचे मोठे नुकसान करते.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे फाउलर आणि कार्टर या दोघांनी १९६५ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि फाउलर यांचेच नाव पुढे या अमिबाला मिळाले. त्याच सुमारास, १९६२ ते १९६५ या काळात, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील उस्ती नाद लाबेम या शहरात एकाच बंदिस्त जलतरण तलावाशी संबंध असलेले १६ मृत्यू झाले होते. त्यांचे खरे कारण जुने नमुने पुन्हा तपासल्यावर नंतर कळले. आपल्या देशातली पहिली नोंद १९७१ ची, दोन लहान मुलांची. म्हणजे आजार नवा नाही आणि तो परक्या मुलखाचाही नाही. अमेरिकेत १९६२ पासून नोंदी काटेकोर ठेवल्या गेल्या आहेत, आणि इतक्या वर्षांत तिथे दीडशेहून थोडे अधिक रुग्ण आढळले; त्यांतले चार वाचले. उन्हाळ्यात तिथे कोट्यवधी लोक तळ्यांत पोहतात हे लक्षात घेतले, तर हा आजार किती विरळा आणि झाल्यास किती घातक, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यांतून कळतात. सांगली-सातारा भागात पाणी तेच, उन्हाळा तसाच, पोहणारी मुलेही भरपूर. त्यामुळे इथे हा आजार होणारच नाही असे कोणत्याही जबाबदार माणसाला म्हणता येणार नाही.

आता तो होतो कसा ते पाहू, कारण सगळी काळजी त्यावरून ठरते. नेग्लेरिया पाण्यातून पोटात गेला तर काही होत नाही, जठरातल्या आम्लात तो टिकत नाही. त्वचेवर पडला तरी काही होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. त्याचा रस्ता एकच आहे, तो म्हणजे नाक. नाकाच्या छतावर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, चाळणीसारखे बारीक भोकांचे एक पातळ हाड असते. वासाच्या मज्जातंतूंचे धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. जोराने पाणी नाकात शिरले आणि त्या छतापर्यंत पोहोचले, की हा अमिबा त्याच धाग्यांच्या आधाराने वर चढतो आणि थेट मेंदूच्या पुढच्या भागाखाली, वास ओळखणाऱ्या कंदापाशी पोहोचतो. त्याला ऊब आवडते, ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात तो वाढू शकतो. पाणी थंड झाले की तो कवच घालून गाळात पडून राहतो आणि तापमान वाढले की पुन्हा जागा होतो. म्हणूनच सगळीकडे याचे रुग्ण मुख्यतः उन्हाळ्यात किंवा सतत उष्ण हवेत सापडतात.

हे डोळ्यांसमोर ठेवून आपल्या पाण्याकडे पाहिले, तर सगळे पाणी सारखे नाही हे लक्षात येते. कृष्णा-कोयनेचे वाहते पाणी वेगळे, एप्रिलमध्ये बंधाऱ्याच्या फळ्यांमागे तुंबून हिरवे झालेले पाणी वेगळे. खोल, बांधीव, उपसा चालू असलेल्या विहिरीचे पाणी खाली गार असते. पण मे अखेरीस तळाला हात-दोन हात पाणी उरलेली, गाळ साचलेली, कोणी न उपसणारी विहीर अगदी वेगळी. मला सर्वांत जास्त धास्ती शेततळ्यांची वाटते. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत गेल्या दीड-दोन दशकांत शेततळ्यांनी शेती तगवली, त्यांचे मोल मी जाणते. मात्र काळ्या प्लास्टिकच्या कागदावर साठलेले ते स्थिर, उथळ पाणी दिवसभर ऊन पिऊन दुपारी हाताला कोमट लागते, आणि मुले नेमकी दुपारीच तिथे जमतात. शेततळ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या देशात दरवर्षी ३०,००० हून अधिक माणसे बुडून मरतात, आणि शेवाळलेल्या प्लास्टिकवरून पाय घसरलेल्या मुलाला काठ चढून वर येता येत नाही. अमिबाच्या भीतीने पालक जागे झाले असतील, तर त्यांनी आधी शेततळ्याला कुंपण आहे का आणि आत दोर सोडला आहे का, हे पाहावे. ज्या मुलाला पोहता येत नाही त्याला पाण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, म्हणून शिक्षकांनी आपला वर्ग बंद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्ग चालू ठेवताना काही सवयी मात्र बदलाव्या लागतील. काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारण्यात मुलांना जो आनंद मिळतो, त्यातच पाणी सर्वांत जोराने नाकात जाते. सूर मारतानाही तेच. तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायची पैज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण अमिबाचा मुक्काम त्या गाळातच असतो. ही पैज पूर्ण बंद करावी. शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नाकाला पोहण्याचा रबरी चिमटा लावावा, तो खेळाच्या साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नसेल तर उडी मारताना नाक बोटांनी दाबायला शिकवावे. डोके वर ठेवून पोहणाऱ्याला धोका फारच कमी. वर्ग सकाळी लवकर घ्यावा आणि पाणी गुडघाभर-कमरेएवढे उरले, हिरवे किंवा गढूळ झाले, की त्या वर्षापुरता तो थांबवावा.

माझी आजी वाईच्या घाटावर पर्वणीला स्नान करताना अंगठा आणि बोट यांच्यात नाक घट्ट धरून, डोळे मिटून तीन बुड्या मारायची, आणि आम्हा नातवंडांचीही नाके आधी धरायला लावायची. तिला हे अमिबासाठी करावे लागत नव्हते, तरी ती सवय आज मी प्रत्येक आईला सांगते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर किंवा संगम माहुलीला स्नानाला जाणाऱ्यांनीही तेवढे पाळावे.

आता नेती. २०११ मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात दोन माणसांना नेग्लेरियाचा संसर्ग होऊन मृत्यू आला. त्यांपैकी कोणी तळ्यात उतरले नव्हते. दोघांनीही घरच्या नळाचे पाणी नेतीच्या भांड्याने नाकातून सोडले होते. कराचीत २००८ पासून जे रुग्ण सापडत गेले त्यांत अनेकांचा पोहण्याशी संबंध नव्हता; नमाजाआधी वजू करताना नाकात घेतल्या जाणाऱ्या पाण्याकडे तिथल्या डॉक्टरांचे लक्ष त्यामुळेच गेले. मिरजेसारख्या शहरात हे दोन्ही आचार घरोघरी आहेत आणि ते सोडण्याचे काहीच कारण नाही. बदलायचे आहे ते फक्त पाणी. गच्चीवरची काळी टाकी उन्हात तापते, तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि बुडाशी गाळ साचलेला असतो, त्यामुळे ते पाणी पिण्याला चालत असले तरी नाकात आत सोडण्यास योग्य नाही. घरगुती शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यावरही मी या कामासाठी विसंबणार नाही, कारण शुद्ध होऊन ते ज्या साठवण टाकीत राहते तिची स्वच्छता कोणी तपासत नाही. शिक्षकांच्या आईंनी नेतीचे पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, आणि मनाच्या समाधानासाठी तीन मिनिटे, उकळू द्यावे. त्याच भांड्यात झाकून कोमट होऊ द्यावे. दुसऱ्या भांड्यातले गार पाणी त्यात मिसळून घाई करू नये, कारण उकळण्याचा सगळा उपयोग त्या एका तांब्याने वाया जातो. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण चमचा मीठ पुरते. मिठाने नाक चुरचुरत नाही एवढेच. त्या प्रमाणात अमिबा मरत नाही. नेतीचा लोटा धुऊन उपडा घालून पूर्ण कोरडा करावा. वजूसाठी चेहरा आणि हातपाय धुवायला नेहमीचे पाणी वापरावे, नाकात घ्यायचे चूळभर पाणी तेवढे उकळून गार केलेले बाजूला ठेवावे आणि ते हलकेच, आत जोराने न ओढता घ्यावे.

मूल आजारी पडले तर काय दिसते ते सांगते. पाण्याचा संबंध आल्यापासून साधारण पाचव्या दिवशी, कधी दुसऱ्याच दिवशी तर कधी बाराव्या दिवशी, कपाळात असह्य दुखू लागते, सणकून ताप येतो, उलट्या होतात. काही मुलांना वास किंवा चव वेगळी लागते. दोन दिवसांत मान ताठ होते, उजेड सहन होत नाही, बोलणे असंबद्ध होते, झटके येतात, आणि बेशुद्धी येते. पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंत बहुधा पाच-सहा दिवसच मिळतात. पहिल्या दिवशी हे सगळे उन्हाळी तापासारखे, पित्तासारखे दिसते आणि त्या दिवशी कोणीही डॉक्टर अमिबाचा विचार करणार नाही. त्याला दोष देता येत नाही. परंतु ताप, डोकेदुखी आणि उलट्या या तिघांबरोबर ‘हा आठ दिवसांपूर्वी शेततळ्यात पोहला होता’ हे वाक्य त्याच्या कानावर पडले, तर विचाराची दिशा बदलू शकते. हे वाक्य बहुतेक वेळा बोललेच जात नाही. डॉक्टर जेवणाचे विचारतात, प्रवासाचे विचारतात, डासांचे विचारतात; पोहण्याचे विचारायचे राहून जाते. मूल घरी न सांगता पोहायला गेलेले असते, म्हणून आईवडिलांनाही ते ठाऊक नसते. ते त्याच्या मित्रांना विचारावे लागते.

आता प्रयोगशाळेकडे येते. मेंदूच्या आवरणाला सूज आहे अशी शंका आली, की मणक्यातले पाणी काढणे अटळ असते. या तपासणीची आपल्याकडे जबर भीती आहे. ‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो’ हे वाक्य मी व्हरांड्यात शेकडो वेळा ऐकले आहे, आणि त्यापायी संमतीची सही उद्यावर ढकलली जाताना पाहिली आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधल्या फटीत घातली जाते, जिथे फक्त पाण्यात तरंगणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. ज्यांना पांगळेपण आले त्यांना ते मूळ आजाराने आलेले असते. मेंदूवरचा दाब फार वाढलेला असेल तर सुई घालण्याआधी डॉक्टर स्कॅन करून घेतात. एवढे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे प्रत्येक निवासी डॉक्टरने नातेवाइकांना द्यायला हवीत.

ते पाणी हातात आले की त्याचे काय होते ते पाहा. नेहमीच्या पद्धतीत ते वाळवून, स्लाइडवर पक्के करून, ग्रॅम स्टेनने रंगवले जाते. जिवाणू शोधण्यासाठी हे उत्तम. नेग्लेरिया मात्र त्या प्रक्रियेत फुटतो, आक्रसतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मिसळून जातो. तो दिसायचा असेल तर जिवंत पाहावा लागतो. थेंबभर ताजे, कोमट पाणी स्वच्छ स्लाइडवर घ्यायचे, कव्हर स्लिप हलकेच टेकवायची, कंडेन्सर खाली करून उजेड कमी करायचा आणि चाळीसच्या भिंगाखाली, एकाच जागी नजर रोखून, किमान दहा मिनिटे बसायचे. गोल, दाणेदार पांढऱ्या पेशी जागच्या जागी पडून असतात. काही थोड्या सरपटतातही, आणि नवख्या टेक्निशियनची फसगत तिथेच होते. अमिबा असेल तर त्याच्या एका कडेला अचानक स्वच्छ, पारदर्शक फुगवटा येतो, मागचे दाणेदार द्रव्य त्या फुगवट्यात ओतल्यासारखे सरकते, आणि तो पूर्णच पुढे जातो; मग दुसऱ्या बाजूने पुन्हा फुगवटा. मधोमध एक केंद्रक आणि त्यात ठसठशीत ठिपका दिसतो, आणि एक पोकळी हळूहळू भरते व झटकन रिकामी होते. शंका उरली तर थोडे पाणी ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून ३७ अंशांवर ठेवायचे. नेग्लेरिया असेल तर एक-दोन तासांत त्याला दोन शेपट्या फुटून तो पोहू लागतो. या सगळ्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही. पीसीआर हवाच, पण तो आपल्याकडे बाहेरगावी पाठवावा लागतो आणि या आजारात तेवढे दिवस हातात नसतात.

सुमारे बारा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका खासगी रुग्णालयातून तेरा वर्षांच्या मुलाच्या मणक्यातले पाणी आमच्याकडे आले. पाणी रात्री नऊला काढले होते आणि सकाळी दहाला पोहोचले. दरम्यान नळी रक्ताच्या नमुन्यांबरोबर फ्रीजमध्ये ठेवलेली होती. माझ्या हातात आली तेव्हा तिच्या काचेवर अजून दव होते. पांढऱ्या पेशी भरमसाट, बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढायला येणाऱ्या. साखर अगदी खाली. ग्रॅम स्टेनमध्ये एकही जिवाणू नाही. सगळे चित्र जिवाणूंच्या मेंदूज्वराचे, आणि जिवाणू मात्र नाहीत. मी वेट माउंट, म्हणजे वर सांगितलेली न रंगवलेल्या ताज्या थेंबाची तपासणी, करून पाहिले. काहीही हलत नव्हते, आणि थंडीत रात्रभर राहिलेल्या नमुन्यात काही हलायची अपेक्षाही धरता येत नाही. कल्चरमध्ये जिवाणू वाढले नाहीत. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. आठवड्याने वडील अहवालाची प्रत न्यायला आले, आणि जाता जाता म्हणाले, “बाई, त्याला काहीच झालं नव्हतं. आदल्या आठवड्यात रोज शेततळ्यात डुंबत होता.” तोवर नमुना संपला होता. तो आजार हाच होता असे मी म्हणत नाही. अर्धवट अँटिबायोटिक घेतलेल्या जिवाणूंच्या मेंदूज्वरातही असेच चित्र दिसते. पण ते कधीच कळणार नाही, आणि याचे कारण ती फ्रीजमधली रात्र आणि आमच्यापैकी कोणीच न विचारलेला प्रश्न. त्यानंतर आमच्या मागणीपत्रावर मी दोन ओळी वाढवून घेतल्या: ‘गेल्या पंधरा दिवसांत पोहणे, डुंबणे किंवा नाकातून पाणी घेणे – होय / नाही’ आणि ‘हा नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये’. सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला माझी हीच विनंती आहे. जिवाणूंसाठी आणि अमिबासाठी दोन्हींसाठी हा नमुना खोलीच्याच तापमानाला ठेवायचा, एका तासाच्या आत पोहोचवायचा, आणि आधी फोन करायचा, म्हणजे टेक्निशियन सूक्ष्मदर्शक लावून तयार राहतो. न्यूट्रोफिल भरपूर, साखर कमी आणि ग्रॅम स्टेन कोरा, अशी तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मोसम कोणताही असो, वेट माउंट झालाच पाहिजे.

ओळखून उपयोग काय, असे कोणी विचारतात. उपयोग आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातली नऊ वर्षांची मुलगी वाचली. २०१३ मध्ये आर्कान्सामधली बारा वर्षांची मुलगी वाचली आणि पूर्ववत झाली. तिचे निदान लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे दीड दिवसात झाले होते. २०२४ च्या जुलैमध्ये कोझिकोडेचा चौदा वर्षांचा मुलगा बरा होऊन घरी गेला. त्या वर्षीपासून केरळने मेंदूज्वराच्या रुग्णांत अमिबा जाणीवपूर्वक शोधायला सुरुवात केली, आणि शोधल्यामुळे तिथे रुग्ण अधिक सापडले व अधिक वाचलेही. तिथले सगळे रुग्ण नेग्लेरियाचे नव्हते, त्यामुळे त्यांचे आकडे वाचताना सरसकट तुलना करू नये. उपचारात ॲम्फोटेरिसिन-बी शिरेतून आणि गरजेनुसार मणक्यातून दिले जाते, त्याच्या जोडीला फ्लुकोनॅझोल, रिफाम्पिसिन, अझिथ्रोमायसिन, मेंदूची सूज उतरवणारी औषधे, आणि मिल्टेफोसिन. हे शेवटचे औषध मुळात काळा आजारासाठी २००२ मध्ये आपल्याच देशात मान्य झाले. काळा आजार आपल्या जिल्ह्यांत नाही, म्हणून ते आपल्या औषध दुकानांत सहसा नसते. ते कुठून आणि किती तासांत मिळेल, याची चौकशी मोठ्या रुग्णालयांनी मार्च महिन्यातच करून ठेवावी. रुग्ण दारात आल्यावर ती करण्यात एक दिवस जातो.

सावकाश चालणाऱ्या दोन अमिबांविषयी थोडक्यात. अकँथामिबा मातीत, पाण्यात, धुळीतही असतो आणि श्वासातून किंवा त्वचेवरच्या जखमेतून रक्तावाटे मेंदूत जातो. तो बहुधा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतो: अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीचे रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. बालामुथिया १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मँड्रिल माकडिणीच्या मेंदूत सापडला. तो धडधाकट माणसांनाही होतो आणि काहींच्या चेहऱ्यावर आधी न भरणारा चट्टा उठतो. या दोघांच्या आजारात मणक्यातल्या पाण्यात अमिबा क्वचितच दिसतो आणि स्कॅनमधल्या गाठी क्षयाच्या गाठींसारख्या दिसतात. आपल्या भागात मेंदूचा क्षय पुष्कळ आहे, म्हणून क्षयाचे औषध सुरू होणे योग्यच. पण ते नीट घेऊनही रुग्ण खालावत असेल, तर गाठीचा किंवा चट्ट्याचा तुकडा काढून अमिबासाठी मुद्दाम तपासायला सांगावे.

अकँथामिबाचे आपल्याकडे नेहमी दिसणारे रूप मेंदूतले नाही, डोळ्यातले आहे. ऊस तोडताना पाचट डोळ्याला लागते, माणूस पाटाच्या पाण्याने डोळा धुतो आणि कामाला लागतो. पंधरवड्याने डोळा लाल, बुबुळावर पांढरट कडे, आणि दिसणाऱ्या जखमेच्या मानाने कितीतरी जास्त वेदना. हे बुबुळ खरवडून तपासल्याशिवाय कळत नाही आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी बिघडते. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब घेण्याची सवय तोडायला हवी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुला-मुलींनी लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुवू नये आणि ती घालून पोहायला उतरू नये.

राहिला विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्याचा प्रश्न, जो शिक्षकांनी शेवटच्या ओळीत विचारला आहे. होय, टाकावी, कारण नेग्लेरियाचा हालता-फिरता अमिबा क्लोरीनने मरतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे १,१३,००० लिटर होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगल्या प्रतीची सुमारे २८० ग्रॅम पावडर लागते. बादलीमागे शंभर ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी तिची लापशी करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच विहिरीत सोडून पाणी घुसळावे. पिण्याच्या विहिरीसाठी तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पोहण्यासाठी एक मिलिग्रॅम हवा, म्हणून पावडर त्या प्रमाणात वाढवावी लागेल. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या ओटीने, म्हणजे शिल्लक क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी, पाहताना पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत आला तोच धरावा, नंतर गडद होणारा धरू नये. उघड्या विहिरीत ऊन आणि गाळ मिळून हा क्लोरीन काही तासांत संपवतात, आणि गाळातल्या कवचातल्या अमिबाला तो पुरेसा पडत नाही. त्यामुळे पावडर आदल्या रात्री टाकावी, ओटी सकाळी मुले उतरण्याआधी करावी, आणि रंग आला नाही तर त्या दिवशी वर्ग काठावरच्या व्यायामावर भागवावा. रंग आला तरी नाकाचे चिमटे काढू नयेत.